अर्धा श्वास आधी

सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो हरतो, हे मी तिशीच्या आत शिकलो आणि तेवढ्यावर दोन देशांत पोट भरलं. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की मी फडकं उचलतो आणि एखाद्या टेबलाचा पाय पुसायला लागतो. पाय स्वच्छ असला तरी पुसतो. समोरच्याला ती शांतता सहन होत नाही. तो बोलतो, आणि बोलला की स्वतःच्या विरुद्धच बोलतो.

या युक्तीला आयुष्यात एकच माणूस पुरून उरला. माझं दुकान ज्या इमारतीत होतं तिच्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, अमेरिकन, जन्मभर नाटक-सिनेमात काम केलेल्या. त्यांच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. रागाने लिहिलंय असं नंतर कोणी म्हणायला नको.

दुकान जर्सी सिटीत, जुन्या फर्निचरचं. कामाच्या व्हिसावर पुण्याहून, नागपूरहून मुलं यायची, नदीपलीकडे मॅनहॅटनला नोकरीला जायची. आल्यावर त्यांना गादी, टेबल, दोन खुर्च्या लागत. वर्ष-दोन वर्षांनी कंपनी शिकागोकडे शॉमबर्गला नाहीतर आणखी कुठे पाठवी, तेव्हा तेच टेबल ती मला विकून जात. एक टेबल माझ्याकडून चार वेळा गेलंय आणि चार वेळा परत आलंय. दोन हजार एकच्या शेवटी मात्र सगळं उलटलं. नोकऱ्या गेल्या. विकणारे रोज दारात, घेणारा एक नाही. दुकानात गाद्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या.

अशा दिवसांत बाई खाली आल्या. उंच, सरळ पाठीच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. "एक पेटी आहे. वर येऊन बघ," म्हणाल्या. विनंतीचा सूर नव्हता.

पेटी पाहिली. दौऱ्यावर जाणाऱ्या नटनट्यांची ती उभी पेटी. उघडली की एका बाजूला कपडे टांगायची जागा, दुसऱ्या बाजूला खण. मी किंमत सांगितली आणि नेहमीप्रमाणे पेटीची कडी पुसायला लागलो. बाई खुर्चीत बसून होत्या. हात मांडीवर. माझ्याकडे बघत होत्या, पण वाट बघत नव्हत्या. हा फरक मला नंतर समजला. गप्प बसलेलं माणूस आतून अडलेलं असतं, म्हणून ते हरतं. या आतून मोकळ्या होत्या. कडी पुसून झाली, दुसरी पुसून झाली. मीच तोंड उघडलं आणि स्वतःच सांगितलेली किंमत वाढवली. त्या तशाच. मी पुन्हा वाढवली. तेव्हा म्हणाल्या, "ठीक. पण जिन्यावरून नेताना आपटायची नाही. पंधरा वर्षं ती माझं घर होती."

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे म्हातारीने तुम्हाला गंडवलं म्हणा की."

"गंडवलं नाही. बोललीच नाही ती."

"गप्प तर मीही एवढी वर्षं बसतेय. मला का नाही एकदाही जमलं?"

त्यानंतर बाईंकडून दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी खाली येऊ लागलं. दिवा, गालिचा, लोकरी कोट, टोप्यांचे खोके. प्रत्येक वस्तूबरोबर एक गोष्ट यायची, आणि गोष्ट ऐकून झाली की भाव पाडायला जीभ उचलायची नाही. ही त्यांची युक्ती होती असं मला तेव्हा वाटे. आता वाटतं, त्यांना ऐकणारा कोणी हवा होता आणि फुकट मागायची सवय नव्हती.

त्यांचं गाव उत्तरेकडे, नदीकाठी. गावात एक कागदाची गिरणी. वडील गिरणीत, आई रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. साऱ्या गावाला ओल्या लगद्याचा वास. एकोणिसाव्या वर्षी एक बॅग घेऊन त्या बसने न्यूयॉर्कला आल्या. पहिलं काम मोलकरणीचं. हातात तबक घेऊन यायचं, एक वाक्य बोलायचं, जायचं. "त्या तबकावरचा चहा मी रोज खरा गरम ठेवायला लावायचे," त्या म्हणाल्या. "वाफ दिसली की लोक माझ्याकडे बघायचे. नायिका चिडायची."

मग दहा-बारा वर्षं रंगभूमीवर चांगली गेली. मोठ्या भूमिका मिळाल्या, वर्तमानपत्रात फोटो आले. कॅलिफोर्नियातून बोलावणं आलं. तिथे सात सिनेमे केले. पहिल्यात नायिकेची मैत्रीण होत्या, शेवटच्यात नायिकेची आई. मधे फक्त नऊ वर्षं.

"मधलं वय मला कोणी दिलंच नाही," असं म्हणून त्यांनी टोपीच्या खोक्याचं झाकण लावलं.

परत आल्या त्या पुन्हा नाटकात, पण आता गावोगावच्या दौऱ्यांत. त्या पेटीबरोबर. नवरा दिव्यांचं काम करणारा होता, तो एका गावात मागेच राहिला. मुलगी बहिणीकडे वाढली. आता ती पश्चिमेला असते, नाताळात कार्ड पाठवते, कार्डावर फक्त सही असते. लोकांनी त्यांना ओळखलं ते शेवटी कॉफीच्या एका जाहिरातीमुळे. वाणसामानाच्या दुकानात बायका थांबवून विचारायच्या, "तुम्हीच ना त्या कॉफीवाल्या?" बाई हो म्हणायच्या. "चाळीस वर्षांच्या कामाला एक कप पुरला," म्हणायच्या.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल बघायला गेलो तेव्हा मला त्या चिठ्ठ्या दिसल्या. फ्रिजवर, साखरेच्या डब्यावर, नळाच्या वर. बारीक, नेटक्या अक्षरात एकेक वाक्य. मी एक मोठ्याने वाचलं. बाईंनी ती चिठ्ठी हातातून घेतली आणि पुन्हा जागेवर चिकटवली.

"नवीन नाटक आहे," त्या म्हणाल्या. "छोटं थिएटर, साठ-सत्तर खुर्च्या. पण काम मोठं आहे. पूर्वी मला दोन वाचनांत पाठ व्हायचं. आता भिंती लागतात."

"झेपेल?" मी विचारलं. माझं तोंड असंच आहे.

त्या चिडल्या नाहीत. त्यांच्या वेळच्या एका नटीची गोष्ट सांगितली. ती बाई चालू प्रयोगात सगळं विसरली आणि तिला दोघांनी हाताला धरून आत नेलं. पुन्हा ती कधी बाहेर आली नाही. "मला हे काम शेवटपर्यंत करायचं आहे. शेवटचा प्रयोग, शेवटचं वाक्य, पडदा. मग मी आपली आपण थांबेन. मला कोणी हाताला धरून थांबवायचं नाही."

तेव्हा मी सांगितलं की मी प्रॉम्प्टर होतो.

आमच्या तालुक्याच्या गावात हौशी मंडळ होतं. कोणी मास्तर, कोणी तलाठी, कोणी सायकलवाला. दिवसभर कामं, संध्याकाळी तालीम. पाठांतर कोणाचंच पुरतं नसायचं, त्यामुळे विंगेत पुस्तक घेऊन बसणारा माणूस हाच नाटकाचा कणा. तो मी. सोळाव्या वर्षापासून. नटाने अडल्यावर शब्द देणं हे कच्च्या प्रॉम्प्टरचं काम. चांगला प्रॉम्प्टर अर्धा श्वास आधी देतो. नट श्वास घेतो त्या श्वासातच पुढचा शब्द त्याच्या कानात पडतो, आणि त्याला वाटतं की तो आपल्यालाच आठवला. मी असा शब्द टाकायचो की पहिल्या रांगेला ऐकू जायचा नाही. पण मला कधी भालदाराचंसुद्धा काम दिलं नाही, आणि मंडळाच्या पत्रिकेवर चहावाल्याचं नाव आलं तरी माझं आलं नाही. त्या मंडळींशी मी शेवटी भांडून निघालो.

बाईंनी हे सगळं नीट ऐकलं. मग नाटकाचं बाड माझ्यासमोर ठेवलं. "वाच," म्हणाल्या.

दुपारी दोन ते चार दुकानात कोणी नसायचं. बाई खाली यायच्या आणि विक्रीच्या टेबलांपैकी एकाशी बसायच्या. मी त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसायचो. नाटक साधं होतं. एक आई, तिचा थोरला मुलगा, सून. धाकटा लढाईवर गेलेला. आई रोज रात्री चार ताटं मांडते. शेवटी थोरला एक पत्र आणून टेबलावर ठेवतो, काही न बोलता ताटं गोळा करायला लागतो. आई खूप वेळ गप्प राहते. मग म्हणते, "त्याचं ताट राहू दे." पडदा.

एकदा असंच चाललेलं असताना नागपूरचा एक मुलगा आत आला. "काका, हे टेबल अव्हेलेबल आहे का? मी कार घेऊनच आलोय, लगेच ड्राइव्ह करून नेतो."

"त्यावर मॅडम बसल्यात."

"अहो, पण विकायचंय ना?"

"मॅडमचा मुलगा वारलाय. तासाभराने ये."

तो बिचारा हात जोडून, "सॉरी आंटी," म्हणून गेला. बाईंना मी अर्थ सांगितला तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या इतक्या हसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

नाटकाची डायरेक्टर तिशीची मुलगी होती. बाईंचं विसरणं तिला माहीत होतं. तिने कानात बसवायचं छोटं यंत्र आणलं. बाई म्हणाल्या, "कानात किडा नको. मागे माणूस हवा." म्हणून मी. नाटकाला टेबल, खुर्च्या आणि भांड्यांचं उंच कपाट माझ्या दुकानातून द्यायचं ठरलं. कपाटाची मागची फळी मी स्वतः काढली, पुढच्या दारांना जाळीचं कापड लावलं. आत स्टूलवर मी. माझ्यापुढे हातभर अंतरावर बाईंची पाठ.

या सगळ्याच्या बदल्यात मी एकच मागितलं. पत्रिकेवर माझं नाव, प्रॉम्प्टर म्हणून.

डायरेक्टर म्हणाली, "आमच्याकडे तसं छापत नाहीत. छापलं तर प्रेक्षकांना कळेल की त्यांना आठवत नाही."

मी घासाघीस केली, आवाज चढवला, कपाट परत नेतो म्हटलं. शेवटी ती म्हणाली की नाव छापते, पण फर्निचरखाली. पत्रिका आली. सगळ्यात खाली, दिव्यांनंतर, कपड्यांनंतर: फर्निचर, आणि पुढे मी. बायकोने ती दोनदा वाचली. "निदान टेबल-खुर्चीच्या बरोबरीने तरी आलात," म्हणाली. पत्रिका मी खिशात ठेवली. अजून आहे.

पण खरा घाव दुसरा. रंगीत तालीम होती. दिवे, कपडे, समोर वीसेक माणसं. शेवटचा प्रवेश आला. थोरल्याने पत्र ठेवलं. बाई गप्प. मी एक श्वास मोजला, दोन, तीन. आमच्या गावात नट तीन श्वास गप्प राहिला म्हणजे तो गेला, त्याला ओढून काढायचं. चौथ्या श्वासाच्या आधी मी शब्द टाकला. "त्याचं."

बाई उठल्या आणि कपाटाकडे वळल्या.

"ती माझी जागा आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "साठ वर्षांनी कमावलेली जागा. तू तिच्यात बोललास. दुकानदारासारखं. दुकान रिकामं दिसलं की तुम्ही लोक काहीतरी कोंबता."

कोणीतरी हसलं. मी कपाटातून बाहेर आलो, वाकून, कारण दार बुटकं होतं. माझं डोकं वरच्या फळीला लागलं. आणखी दोघं हसले.

नंतर त्या विंगेत मला भेटल्या. माफी मागितली नाही, पण समजावून सांगितलं. "मी गप्प असते तेव्हा माझी मान बघ. मी काम करत असले तर खांदे खाली असतात. विसरलेल्या माणसाचे खांदे वर चढतात, मान ताठ होते. आणि तरी शंका नको. मी विसरले तर टेबलाच्या कडेवर अंगठा घासेन. अंगठा हलला तर बोल. नाही हलला तर ती जागा माझी. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. "पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

"हो," त्या म्हणाल्या. "मी रागीट आहे. तूही आहेस."

एवढ्यावर मी काम सोडलं नाही. पण विसरलोही नाही. "तुम्ही लोक" हे शब्द मी घरी नेले, जेवताना चावले, झोपताना उशाला घेतले.

प्रयोग सुरू झाले. अंगठा पहिल्या आठवड्यात दोनदा हलला, दुसऱ्यात पाच-सहा वेळा. मी अर्धा श्वास आधी शब्द दिला आणि बाईंनी तो असा उचलला की जणू तो त्यांच्याच पोटातून आला. एकाही माणसाला कळलं नाही. शेवटच्या त्या शांततेला मात्र त्यांना माझी कधी गरज लागली नाही. खांदे हळूहळू खाली जायचे, भिंतीला टेकलेली छत्री घसरते तसे, आणि अकराव्या-बाराव्या श्वासाला ते चार शब्द यायचे. रोज मी कपाटात बसून ते ऐकायचो आणि रोज माझ्या अंगावर काटा यायचा. रागासकट.

शेवटून पाचवा प्रयोग रविवारी दुपारचा होता. थिएटर भरलेलं. थोरल्याने पत्र ठेवलं आणि ताटं उचलायला लागला. बाई गप्प झाल्या.

खांदे खाली गेले नाहीत. वर चढले. मानेची शीर ताठ झाली. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा टेबलावर होता, स्थिर.

मला कळलं होतं. हे मी आजवर बायकोखेरीज कोणालाही सांगितलेलं नाही. माणूस कधी वाट बघतोय आणि कधी अडलाय, हे ओळखण्यावरच मी जगलो. बाई अडल्या होत्या. शब्द माझ्या ओठांवर होता. पण मनात दुसरंच आलं. जागा तुमची ना? साठ वर्षांची? घ्या. करार म्हणजे करार. अंगठा हलवा, मग बोलतो. आधी कोण तोंड उघडतं ते बघू.

पंधरा श्वास झाले. वीस झाले. थोरल्याचं काम करणारा नट चाळिशीचा, जाणता माणूस होता. त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं धाकट्याचं ताट आपणहून परत जागेवर ठेवलं. चमचा सरळ केला. दिवेवाल्याने अंधार केला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतक्या वेळात कोणी खोकलंसुद्धा नव्हतं. डायरेक्टर नंतर म्हणाली, आजच्यासारखी ती शांतता कधी झाली नव्हती. ती बाईंच्या गळ्यात पडली. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला शब्द माहीत होता?"

"हो."

"आणि मला आठवत नाही हेही कळलं होतं."

"अंगठा हलला नाही," मी म्हणालो.

त्या आरशात बघत तोंडावरचा रंग पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. तसंच ठरलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. उरलेले चार प्रयोग सुनेचं काम करणाऱ्या मुलीने, केसांना पांढरी पावडर लावून केले. मी गेलो नाही. बाईंना कोणी हाताला धरून नेलं नाही, त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. पण शेवटचं वाक्य बोलायचं राहून गेलं ते गेलंच. जिन्यात समोरासमोर आलो की त्या मान हलवायच्या, मीही हलवायचो. मी मनात म्हणत होतो, त्यांनी आधी बोलावं. सगळ्यांसमोर त्या बोलल्या होत्या. मी नाही.

नाटक संपल्यावर सामान दुकानात परत आलं. एका दुपारी गिऱ्हाईक त्या टेबलाची किंमत विचारत होतं आणि मी सवयीने खाली बसून पाय पुसायला लागलो. वर पाहिलं तर टेबलाच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, एक चिठ्ठी चिकटवलेली. बारीक, नेटकं अक्षर. "विसरलीस तर अंगठा घास. तो मागे आहे."

गिऱ्हाईक विचारत होतं, "काका, लास्ट प्राइस काय?" मी खालीच बसून होतो.

म्हणजे खूणसुद्धा हातून सुटत चाललीय हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून खुणेची खूण लिहून ठेवली होती. टेबलाखाली, जिथे बोटांना कागद लागेल आणि लोकांना दिसणार नाही. त्या रविवारी त्या वाक्य विसरल्या, खूण विसरल्या आणि चिठ्ठी कुठे आहे तेही विसरल्या. आणि मी त्यांच्याकडे कराराप्रमाणे अंगठा मागत बसलो होतो.

टेबल मी विकलं नाही. पण पाच जिने चढून वर गेलोही नाही. का, याचं उत्तर मला माझ्याजवळसुद्धा देता येत नाही. आधी बोलायचं नाही, हे इतकं हाडात मुरलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांची भाची आली आणि त्यांना वृद्धांच्या एका घरात घेऊन गेली. उरलेलं सामान तिने दुसऱ्याच कोणाला तरी विकलं, मला विचारलंही नाही. त्याचाही मी राग धरला. धरायला तो सोपा होता.

तीन वर्षं गेली. बायको अधूनमधून त्यांचं नाव काढायची. एका रविवारी तिने डब्यात शिरा भरला आणि माझ्या हातात दिला. "दुधालासुद्धा तारीख असते, अहो. तुमच्या रागाला कधी लागायची? जाऊन या."

ते घर बसने तासाभरावर. खिडकीशी खुर्चीत बाई बसल्या होत्या. केस कापले होते, त्यामुळे मान उघडी. मी समोर उभा राहिलो.

"तू कोण?"

"फर्निचरवाला," मी म्हणालो.

"मला काही विकायचं नाहीये."

"मला घ्यायचंही नाही."

त्यांनी बसायची खूण केली. त्या दिवसापासून मी महिन्यातून एकदा जायला लागलो. दर वेळी नव्याने ओळख. त्या आपली गोष्ट सांगायला लागायच्या आणि मधेच थांबायच्या. "आमच्या गावात एक… एक मोठी…" खांदे वर चढायचे. मी खुर्ची थोडी मागे घ्यायचो आणि हळू म्हणायचो, "कागदाची." त्या लगेच, "कागदाची गिरणी होती. सगळीकडे लगद्याचा वास." मग चर्चमधला ऑर्गन. मग बस, तबक, गरम चहा. दीड-दोन वर्षं भाव करता करता ऐकलेलं सगळं मला पाठ होतं. त्यांचं आयुष्य मी त्यांना अर्धा श्वास आधी देत गेलो आणि ते त्यांना आपलं आपल्यालाच आठवल्यासारखं वाटत गेलं. मुलीच्या जागी मात्र त्या थांबल्या की मी शब्द द्यायचो नाही. तिथे खांदे खाली असायचे.

त्या रविवारबद्दल बोलायचं मी दर वेळी ठरवून जायचो. पण ज्या बाईंना सांगायचं होतं त्या तिथे नव्हत्या. ज्या होत्या त्यांनी माझं ऐकून घेतलं असतं आणि "असू दे, कोण तू?" म्हटलं असतं. अशी स्वस्तात मिळालेली माफी माझ्यासारख्याने घ्यायची नसते.

दोन हजार आठच्या वसंतात गेलो तेव्हा त्या जेवायच्या खोलीत होत्या. चौघांचं टेबल. शेजारची एक म्हातारी आदल्या आठवड्यात गेली होती; नव्या नोकर बाईला ते माहीत नव्हतं, तिने तिथेही ताट मांडलं होतं. चूक लक्षात आल्यावर ती ते उचलायला आली. मी बाईंच्या मागे खुर्चीवर होतो, हातभर अंतरावर. बाई त्या ताटाकडे बघत होत्या. खांदे वर चढले. मान ताठ झाली. टेबलाच्या कडेवरचा अंगठा स्थिर होता.

या वेळी मी अंगठ्याची वाट पाहिली नाही. त्यांनी श्वास घेतला त्यातच मी शब्द टाकला. "त्याचं."

"त्याचं ताट राहू दे," बाई म्हणाल्या.

आवाज म्हातारा नव्हता. खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचणारा, पण चढलेला नाही. चमचे थांबले. नोकर बाईने ताट परत ठेवलं आणि एक पाऊल मागे झाली, का ते तिलाही कळलं नसावं.

बाईंचे खांदे हळूहळू खाली गेले. मागे वळून मात्र त्यांनी पाहिलं नाही. प्रॉम्प्टरकडे कोणी बघत नाही, तसा रिवाजच नाही. त्यांनी सूप संपवलं, तोंड पुसलं, आणि मला कोणीतरी पाणी आणून द्या म्हणाल्या. मी उठून आणलं.

त्या उन्हाळ्यात त्या गेल्या. भाचीने एक छोटा कागद छापला होता, त्यावर त्यांच्या सगळ्या नाटक-सिनेमांची यादी. मी खालून वर वाचली. शेवटचं नाटक होतं. भूमिकेचं नाव होतं. बाकी काही नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. कागद मी घडी घालून त्या जुन्या पत्रिकेत ठेवला. टेबल अजून दुकानात आहे, चिठ्ठीसकट. लोक किंमत विचारतात. मी फडकं उचलत नाही, सरळ सांगतो, ते विकायचं नाही.